एका ‘होय’पायी

“थांबा, आधी दोन रकाने पाडा.”

असं म्हणत बाई बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवायच्या आणि टेबलावरच्या मेणकापडावर एक उभी रेघ ओढायच्या. रेघेच्या अलीकडं एक, पलीकडं एक. मग साम्य काय, फरक काय. जन्मभर पोरांना ‘फरक स्पष्ट करा’ शिकवून ती रेघ त्यांच्या डोक्यातच बसली होती. संध्याकाळी पिठलं टाकायचं की मुगाची आमटी, यालासुद्धा त्या रकाने पाडायच्या. तोवर इकडं माझ्या पोटात कावळे कोकलायला लागायचे. “अहो बाई, काहीही टाका, पण टाका!” मी ओरडायची. त्या म्हणायच्या, “घाईत उत्तर चुकतं गं.”

कोल्हारवरून प्रवरेच्या काठाकाठानं आत आलं की नुसता ऊस. तो ऊस ओलांडला की आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बदलून आले आणि बाईंच्याच घराच्या मागच्या खोल्या भाड्यानं घेतल्या; रात्रीचं जेवणही त्यांच्याकडंच. म्हणजे दिवसभर शाळेत बाई, आणि घरी आलं की भिंतीपलीकडं बाई. सरपंचापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. कहर म्हणजे त्यांचा नवराही म्हणायचा, “बाई, माझा चष्मा कुठं ठेवलास?” साखर कारखान्यात फिटर होते ते. मी त्यांना दादा म्हणायची.

पहिल्या दिवशी त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी गोंधळलेच. एका भिंतीवर लाकडी क्रूस. बरोबर समोरच्या भिंतीवर डोळे मिटलेल्या बुद्धाची तसबीर, खाली पांढरी फुलं. मी इकडं बघते, तिकडं बघते. दादा हसायला लागले. “घाबरू नका मॅडम. त्या दोघांचं काही भांडण नाही. मधे पलंगावर आम्ही दोघं असतो, भांडण तिथं होतं.”

दादा पिढीजात ख्रिस्ती. त्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला. बाई पाथर्डीकडच्या, तिसगावजवळच्या एका वाडीतल्या, बौद्ध घरातल्या. त्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते. तसं बघितलं तर दोघांची खापरपणजोबांची वस्ती सारखीच, गावकुसाबाहेरची. तिथून बाहेर पडायला एकानं एक रस्ता धरला, दुसऱ्यानं दुसरा. नगरला कोर्टात जाऊन दोघांनी लग्न केलं, तेव्हा दोन्हीकडच्यांनी तोंडं फिरवली. पुढं लेक झाली तशी हळूहळू येणं-जाणं सुरू झालं. लग्नाच्या वेळी एकच गोष्ट ठरली होती, असं बाई सांगायच्या. तू मला ओढायचं नाहीस, मी तुला ओढायचं नाही.

आणि ते दोघांनी पाळलं, बरं का! रविवारी बाई दादांबरोबर उपासनेला जायच्या. बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसायच्या. गाणी म्हणायच्या, आणि आवाज असा गोड की पुढच्या बाया माना वळवून बघायच्या. पण विश्वासांगीकार सुरू झाला, सगळी मंडळी उभी राहून आपण कशावर विश्वास ठेवतो ते म्हणायला लागली, की बाईही उभ्या राहायच्या आणि ओठ मिटून घ्यायच्या. पौर्णिमेला दादा त्यांना मोटरसायकलवरून विहारात न्यायचे. चपला बाहेर काढून आत मागं मांडी घालून बसायचे, अगदी शेवटपर्यंत. वंदनेला मात्र हात जोडायचे नाहीत. बाई परत येताना त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, “पाय अवघडले ना?” ते म्हणायचे, “तुझ्या बाकापेक्षा बरं आहे.”

मी आपली देवळातली. आमच्याकडं आत्मा आहे, पुनर्जन्म आहे, स्वर्ग आहे, शिवाय पितरं कावळा होऊन येतात, आणि हे सगळं एकाच वेळी कसं, असं कोणी विचारत नाही. त्यामुळं या दोघांचं चाललेलं ऐकून मला आधी आधी हसूच यायचं. जेवायला बसलं की यांची सुरुवात. शत्रूवरही प्रीती करा, दादा म्हणायचे. बाई म्हणायच्या, हो, आमच्याकडं मैत्री, सगळ्या जिवांबद्दल, वैऱ्याबद्दलही. झालं, हे एका रकान्यात. मग क्रूस निघायचा. “तुमचा प्रभू दुसऱ्याचं ओझं स्वतःच्या अंगावर घेतो,” बाई म्हणायच्या. “आमचे भगवान म्हणतात, ओझं कशाचं झालंय ते नीट बघ आणि तुझं तूच खाली ठेव. हा फरक आहे, आणि मोठा आहे. उगाच सगळं एकच म्हणू नका.” कुणी ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ म्हणालं की बाईंना राग यायचा. दोघांनाही न वाचता पास केल्यासारखं आहे ते, म्हणायच्या.

भाकरी मोडता मोडता एकदा मात्र त्या वेगळंच बोलल्या. “यांचं बरं आहे. चुकलं तर माफी मागायला कुणीतरी आहे. मी चुकले तर निस्तरायचं मीच. कधी कधी वाटतं, असावं कुणीतरी.” दादांनी फक्त बाईंच्या ताटात लोणचं वाढलं.

पण आत्म्यावर आलं की गाडी अडायची. दादांचा ठाम विश्वास, मेल्यावर भेट होणार. बाई म्हणायच्या, “कोण कुणाला भेटणार? दिवा विझला की ज्योत कुठं जाते?” दादा म्हणायचे, “ते मला माहीत नाही. मी तिथं जाऊन उभा राहणार एवढं नक्की. तू ये.” “आले नाही तर?” “तर मी उभाच,” असं म्हणून ते हात धुवायला उठायचे. बाई ताटात बोटं फिरवत बसायच्या. त्यांना हा प्रश्न खरोखर छळायचा, हे मला फार उशिरा कळलं.

आता बाईंच्या खऱ्या बोलण्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. शाळा तपासायला विस्तार अधिकारी आले होते. भला माणूस, त्यालाही लवकर घरी जायचं होतं. त्यानं मान हलवतच विचारलं, “वाचनाचा तास होतो ना रोज?” म्हणजे उत्तरही त्यानंच दिलं होतं हो! बाई म्हणाल्या, “नाही. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली हरवली आहे. कुलूप तोडायचं राहिलं.” मी टेबलाखालून त्यांना असा चिमटा काढला की दुसरी एखादी किंचाळली असती. पुढं आमच्या शाळेला जो ताप झाला तो झाला. घरी आल्यावर मी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. “हो म्हणायला तुमचं काय जात होतं?”

“माझंच जात होतं,” बाई म्हणाल्या. “सकाळी पंचशील म्हणायचं, खोटं बोलणार नाही, आणि दुपारी बोलायचं होय?” दादा बाहेर मोटरसायकल पुसत होते, तिथूनच ओरडले, “आमच्याकडंही आहे ते! खोटी साक्ष देऊ नको म्हणून.” बाईंना इतका आनंद झाला, जसा काही हरवलेला ऐवज सापडला. “बघ, हे दोन्ही रकान्यांत आलं!” मी कपाळावर हात मारून घेतला.

दादा दिवाळीच्या सुट्टीत गेले. छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. गावाबाहेर, कालव्याच्या पलीकडं ख्रिस्ती कबरस्तान आहे, तिथं त्यांना ठेवलं. त्यांच्या आईवडिलांच्या कबरीच्या शेजारी. त्यांच्या डाव्या अंगाला एक जागा मोकळी होती. ती त्यांनी स्वतः राखून ठेवलेली, चर्चच्या पंचांना सांगून. तेव्हा कोणी विचारलंही नव्हतं की ज्या बाईसाठी राखतोय तिचा बाप्तिस्मा झालाय का. माती लोटताना बाईंनी मूठ उघडली, आणि त्या मोकळ्या जागेकडं बघत उभ्या राहिल्या. लेक पुण्याहून आलेली. ती “मम्मी चल, मम्मी चल” करत होती, पण त्या हलेनात.

त्यानंतर बाईंच्या पोटात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, आणि लेकीला खोटं बोलता येईना, आईवरच गेलेली. बाईंनी ऐकून घेतलं. घरी आल्या, चहा केला, बशीत ओतला. रेघ मात्र ओढली नाही. म्हणाल्या, “मला त्यांच्या शेजारी ठेवाल ना?”

एवढंच मागणं होतं. दुसरं काही नाही.

चर्चचे पाळकसाहेब तरुण होते, संगमनेरकडचे. मऊ बोलायचे, आणि बाईंना फार मानायचे. ते पंचांकडं गेले. पंचांचा नियम साधा होता, बाप्तिस्मा झालेल्यालाच ती जमीन. थोरले पंच बाईंच्या ओट्यावर येऊन बसले. मी त्यांना मनातल्या मनात खूप शिव्या देऊन ठेवल्या होत्या, पण ते बोलायला लागले आणि मी गप्प झाले.

“बाई, तुमी चांगल्या हाईत, कोन न्हाई म्हनतं? पन माज्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवा गावानं त्याचं पानी तोडलं. नदीतला झिरा उकरून पीत हुते. त्याची पयली लेक त्यातच गेली. तिला पुरायला बी कोन जागा देईना, म्हनून ही जागा झाली. ती इस्वासाची जागा हाय. इस्वास न्हाई त्याला द्यायची, तर मंग त्यांनी कशापायी सोसलं, सांगा मला.”

बाई म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे.” मी त्यांच्याकडं बघतच राहिले. स्वतःच्या विरुद्धचं कुणी इतक्या पटकन कबूल करतं का?

पाळकसाहेबांनी मार्ग काढला. बाईंनी बाप्तिस्मा घ्यायचा. त्याआधी थोडं शिक्षण, ते स्वतः देतील. आता बाईंना शिकवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? दर बुधवारी पाळकसाहेब यायचे आणि घाम पुसत जायचे. बाई विचारायच्या, देवानं सगळं केलं तर दुःख कुणी केलं? ते सांगायचे. बाई म्हणायच्या, हे अर्धं पटलं, उरलेलं सांगा. शेवटी एकदा ते अगदी काकुळतीला आले. “बाई, सगळं समजायलाच हवं असं नाही हो. मी तुम्हाला विचारणार, येशू तुमचा तारणारा आहे असा विश्वास धरता काय? तुम्ही म्हणायचं, होय. बास.”

दुसऱ्या बाजूनं तिसगावाहून त्यांचा भाऊ आला. जीपमधून उतरला तोच तापलेला. तिकडच्या विहाराचं सगळं तोच बघतो. “आक्का, मी काय ऐकतोय? डोक्यावर पानी घेनार तू?” बाईंनी त्याला बसायला पाट दिला. तो बसेना. “आज्यानं देव नदीत सोडले तवा आजी धाय मोकलून रडली हुती. तरी सोडले. का? तर परत कुनापुढं गुडघं टेकायचं न्हाई म्हनून. अन् तू म्हातारपनी गुडघं टेकनार? एका खड्ड्यापायी?”

“खड्डा नको म्हणूस,” बाई म्हणाल्या. एवढंच. भाऊ तसाच परत गेला. जाताना म्हणाला, पाणी घेतलंस तर मी तुझ्या मौतीला येणार नाही. आणि फाटकाबाहेर जाऊन डोळे पुसताना मी त्याला बघितलं.

मग मीही तोंड सोडलं. मला हे सगळं असह्य व्हायला लागलं होतं. “बाई, होय म्हणून मोकळ्या व्हा! एक शब्द! पंचांनाही माहीत आहे, पाळकांनाही माहीत आहे, सगळ्यांना चालणार आहे. तुम्हालाच का चालत नाही?”

“खोटं बोलून त्यांच्या शेजारी झोपू?”

“त्यांना कुठं कळणार आहे?”

“त्यांचं खरं असेल तर कळेल.”

“आणि तुमचं खरं असेल तर?” मी इरेला पेटले होते. “तर भेटच नाही. मग ती जागा मिळाली काय आणि न मिळाली काय! कशाला हवी मग?”

मला वाटलं मी जास्तच बोलले. मग बाई म्हणाल्या, “इतकी वर्षं त्यांच्या डाव्या अंगाला झोपले गं. दुसरीकडं झोप यायची नाही.”

मी उठून त्यांच्या अंथरुणावरची चादर झटकली आणि माझ्या खोलीत जाऊन रडले.

बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. बाईंनी लुगड्यांच्या ट्रंकेतून मोतिया रंगाची साडी काढली, दादांनी घेतलेली. अंगात काही उरलं नव्हतं, साडी नुसती लोंबत होती. मी त्यांना धरून नेलं. आज त्या शेवटच्या बाकावर बसल्या नाहीत, पुढं बसल्या. गाणी झाली. पितळी वाडग्यात पाणी ठेवलं होतं. थोरले पंच खुशीत होते, अगदी मनापासून. त्यांनी बाईंसाठी खुर्ची आणून ठेवली आणि तिच्यावर आपल्या घरची उशी.

पाळकसाहेबांनी विचारलं, “येशू तुमचा तारणारा आहे असा विश्वास तुम्ही धरता काय?”

मी डोळे मिटले. म्हणा हो बाई, म्हणा. माझ्याकडचा असेल नसेल तो देव मी पणाला लावला.

“धरावासा वाटतो,” बाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं, हळू, जसं काही त्यांना ऐकूच आलं नाही. बाईंचा आवाज फाटला होता, पण शब्द स्पष्ट होते, पाचवीच्या वर्गात असायचे तसे. “साहेब, मनापासून धरावासा वाटतो. हे गेल्यापासून रोज वाटतो. पण धरता येत नाही. तुमच्या या जागेवर उभं राहून मी ‘होय’ म्हणू शकत नाही. मला माफ करा.”

पाळकसाहेबांचा पाण्याकडं गेलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला. त्यांनी टाकलं असतं पाणी तर? मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, “मी टाकणारच होतो. पण त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की टाकलं असतं तर मीच खोटा ठरलो असतो.” मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, म्हातारीनं थट्टा मांडली देवाची. थोरल्या पंचांनी खुर्चीवरची उशी उचलली आणि ते बाहेर गेले.

तुम्हाला वाटेल, चला, निदान विहारातली माणसं तरी खूश झाली असतील. भाऊ झालाच होता खूश. बातमी कळल्याबरोबर जीप घेऊन आला, पेढे घेऊन. बाईंनी एकही घेतला नाही. त्या पौर्णिमेला भाऊ आम्हाला जीपमधून विहारात घेऊन गेला. तिथं भन्तेजी, म्हणजे बौद्ध भिक्षू, आले होते, त्यांच्यापुढं बाई बसल्या आणि तिथंही खरं बोलल्या. “भन्ते, माझे मिस्टर मला मेल्यावर भेटावेत असं मला वाटतं. आत्मा नाही हे मी शिकले, पोरांनाही सांगितलं. पण आत काहीतरी म्हणतं, असावा. एकदा भेटण्यापुरता तरी.”

भन्तेजी वयस्क होते. रागावले नाहीत. म्हणाले, “ही आसक्ती आहे, उपासिके. तिच्याकडं बघत राहा.” भावाचं तोंड मात्र उतरलं. परत येताना बाई जीपच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मला म्हणाल्या, “इकडंही नापास, तिकडंही नापास. शिक्षिकेची ही गत!” आणि हसल्या. मला नाही हसू आलं. मला त्या दोन्ही ठिकाणच्या माणसांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. इतकं ओठावर तेच पोटात असलेलं माणूस तुमच्या दारात आलंय, आणि तुम्हाला कुठं बसवावं ते कळत नाही? पण खरं सांगू, त्यांना तरी काय बोलणार? नियम काही वाईट नव्हते. त्यांच्यासाठी माणसं मेली होती. मी रागवायचं तरी कुणावर?

मग दुखणं वाढलं. लेकीला पुण्यात दोन खोल्या, लहान बाळ. भाऊ म्हणाला, माझ्याकडं नेतो, तिकडं घर आहे, माणसं आहेत. बाईंनी मान डोलावली. कशालाच विरोध करायची ताकद राहिली नव्हती. जीपमध्ये मागं गादी घातली, तिच्यावर त्यांना झोपवलं. मी कोल्हारपर्यंत सोडायला गेले. कालव्याचा पूल ओलांडला आणि कबरस्तानाची भिंत आली. भावानंच ड्रायव्हरला सांगितलं, “थांबव रं जरा.” खाली उतरला. मागचं दार उघडलं, आक्काला दंडाला धरून बसती केली, आणि तो उसाकडं तोंड करून उभा राहिला. फाटकाला कुलूप होतं. बाई भिंतीवरून दिसेल तेवढं बघत होत्या. मग म्हणाल्या, “चल बाबा. तुलाही उशीर होतोय.”

तिसगावला त्या फार दिवस राहिल्या नाहीत. मी पोचले तेव्हा अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं भरली होती, आणि बाई पांढऱ्या साडीत, फुलांत. मेणबत्त्या लावलेल्या. पाळकसाहेब इतक्या लांब मोटरसायकलवर आलेले, कपडे धुळीनं माखलेले. फाटकातच घुटमळत होते. बाईंच्या भावानं त्यांना बघितलं, त्यांच्याकडं गेला आणि म्हणाला, “आत या साहेब. आक्का तुमची लई तारीफ करायची.” पाळकसाहेबांना रडू आवरेना. त्यांनी पंचांपुढं पुन्हा एकदा विषय काढला होता म्हणे, आणि पंचांनी त्यांना तुमची बदली करायला लावू असं सुनावलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं, भावाला नाही.

सगळं रीतसर झालं. त्रिसरण झालं, पंचशील झालं. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणताना मला हुंदका आला, शेजारच्या बायांनी पाठीवर हात फिरवला. मग दुपारच्या उन्हात, ज्वारीच्या रानाकडेला, बाईंना अग्नी दिला. त्यांच्या नवऱ्यापासून इतक्या लांब, की मधे तालुक्यांमागं तालुके आहेत.

परत आले त्या दिवशी घरी जायचं मन होईना. पाय कालव्याकडं वळले. फाटक उघडं होतं, कुणीतरी गवत कापायला आलं होतं. दादांच्या कबरीवर उन्हानं भेगा पडलेल्या, शेजारी ती जागा तशीच मोकळी. कापणाऱ्यानं तिथलंही गवत काढून स्वच्छ केलं होतं, त्याला काय माहीत. मी उभी राहिले. मला प्रार्थना येत नाही. वंदनाही नीट येत नाही. पण हा माणूस उभा आहे, आणि कुणी त्याला काही कळवलेलं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं होतं. काहीतरी सांगायला हवं होतं.

“दादा,” मी म्हटलं, “बाई होय म्हणाल्या बरं का. निघाल्यात. येतायत.”

आणि पदर तोंडात कोंबून तिथंच खाली बसले.